हसणाऱ्या प्रेक्षकाची साक्ष : ‘कुंग फू हसल’विषयीचा अभिप्रायभेद

१

साहित्यकृतीच्या ग्रहणाचा अभ्यास करताना सामान्य वाचकाचे मत पुरावा म्हणून स्वीकारावे की नाही, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाला नवा नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कोन्स्टान्त्स येथील व्याख्यानात वाचकाच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ला साहित्येतिहासात स्थान मिळवून दिले. प्रत्यक्षात मात्र हे स्थान लाभले ते बहुधा गंभीर कृतींच्या वाचकाला. ज्या विनोदाला आपण ‘पाचकळ’, ‘थिल्लर’ किंवा ‘बाष्कळ’ म्हणून बाजूला सारतो, त्याच्या प्रेक्षकाची साक्ष काढण्याची गरज समीक्षेला सहसा वाटत नाही. तो हसला, एवढी नोंद केली की काम संपते. तो कशाला हसला, कोठे हसायचा थांबला आणि थांबल्यावर नाराज का झाला, हे विचारले जात नाही.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न एका चित्रपटाच्या निमित्ताने विचारावयाचे आहेत. स्टीफन चाउ यांनी दिग्दर्शित केलेला व त्यांचीच प्रमुख भूमिका असलेला ‘कुंग फू हसल’ हा हाँगकाँगचा चित्रपट २००४ च्या सप्टेंबरमध्ये टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवात आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झाला. २००५ मध्ये हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत आणि तैवानच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला. धांगडधिंग्याच्या विनोदाला असा मान क्वचितच मिळतो. तरीही त्याच्याविषयीची प्रेक्षकांची मते आजतागायत एकमेकांना छेद देणारी आहेत. हा मतभेद केवळ अभिरुचीचा आहे, असे समजून तो सोडून देता येईल काय? आमच्या मते नाही. वेगवेगळ्या स्मृती घेऊन आलेल्या प्रेक्षकांनी एकाच पडद्यावर वेगवेगळे चित्रपट पाहिले, असे या मतभेदाकडे पाहिल्यास दिसते.

२

कथानक थोडक्यात असे : क्रांतिपूर्व शांघायमध्ये कुऱ्हाडधारी टोळीचे राज्य आहे. ‘डुकरांचा पिंजरा’ अशा अर्थाचे नाव असलेल्या दरिद्री वस्तीत मात्र टोळीला कोणी विचारत नाही, कारण तेथे लुटण्याजोगे काही नाही. सिंग नावाचा एक भुरटा इसम टोळीचा सभासद असल्याची बतावणी करून या वस्तीला धमकावू पाहतो आणि त्यातून खरी टोळी तेथे येऊन धडकते. तेव्हा कळते की हमाल, शिंपी, खाद्यपदार्थ विकणारा आणि केसांना गुंडाळ्या लावून सतत खेकसणारी घरमालकीण व तिचा नवरा हे सारे निवृत्त युद्धकलानिपुण आहेत. अखेरीस सिंगही खऱ्या वीराच्या पदवीला पोहोचतो.

या चित्रपटावरील प्रेक्षकांच्या अभिप्रायांत चार सूर वारंवार ऐकू येतात. पहिला सूर निखळ आनंदाचा आहे : इतके हसू क्वचितच आले, असे तो सांगतो. दुसरा तक्रारीचा : कथा नाममात्र आहे आणि संगणकीय करामतींपुढे देहाचे कौशल्य झाकोळले आहे. तिसरा अस्वस्थतेचा : हसवता हसवता मध्येच अंगावर येणारी हिंसा कशासाठी? चौथा सूर उत्तरार्धाविषयीचा आहे. एकाला तेथील गांभीर्य उपरे वाटते, तर दुसऱ्याला तोच चित्रपटाचा गाभा वाटतो.

यांपैकी तिसऱ्या सुराचे मूळ या विनोदप्रकाराच्या जन्मकथेतच आहे. ‘स्लॅपस्टिक’ ही संज्ञा इटलीच्या कोमेदिया देल आर्ते या लोकनाट्यातील दोन फळ्यांच्या काठीवरून आली. या काठीचा आवाज मोठा होतो, पण लागत काही नाही. ‘आवाज आहे, इजा नाही’ हा या विनोदाचा प्रेक्षकाशी झालेला अलिखित करार होय. सिंग व त्याचा जोडीदार घरमालकिणीवर सुरे फेकू जातात आणि ते सुरे सिंगच्याच खांद्यांत रुततात, त्या प्रसंगात हा करार पाळला जातो. पुढच्या पाठलागात घरमालकिणीचे पाय चाकासारखे गरगरतात आणि शेवटी ती जाहिरातीच्या फलकावर आदळते, तेव्हा तर आपण सरळ व्यंगपटाच्या जगात असतो. परंतु आरंभीच टोळीचा म्होरक्या पाठमोऱ्या स्त्रीवर गोळी झाडतो, तेथे तो करार मोडलेला असतो. हे खटकणाऱ्या प्रेक्षकाला विनोद कळला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला करार नेमका कळलेला आहे आणि तो कोठे मोडला, हेच तो सांगत आहे.

३

आता स्मृतीच्या प्रश्नाकडे वळू. मूळ चिनी शीर्षकात ‘कुंग फू’ एवढेच दोन शब्द आहेत. इंग्रजी शीर्षकाने त्याला ‘हसल’ हा शब्द जोडला. धावपळ आणि लबाडी असे दोन्ही अर्थ सुचवणाऱ्या या शब्दाने परक्या प्रेक्षकाला आधीच विनोदाच्या वाटेवर नेऊन सोडले. मूळ शीर्षकातला दावा मात्र एका संपूर्ण परंपरेवरचा आहे.

भाषांतराचा याहून बोलका दाखला घरमालक दांपत्याच्या नावांत सापडतो. अंतिम प्रतिस्पर्ध्यासमोर ते स्वतःची ओळख यांग ग्वो आणि श्याओलोंगन्यू अशी करून देतात. ही जिन योंग यांच्या लोकप्रिय युद्धवीरकादंबरीतील तरुण, देखण्या आणि जगाचा विरोध सोसलेल्या प्रेमिकांची नावे आहेत. चिनी प्रेक्षकाला हसू येते ते त्या लावण्यमय जोडीच्या आणि समोरच्या चुरगळलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या मध्यमवयीन जोडप्याच्या विसंगतीमुळे. इंग्रजी उपशीर्षकांत त्यांची जागा पॅरिस आणि ट्रॉयची हेलन यांनी घेतली आहे. विसंगती टिकली आणि हसूही टिकले. पण चिनी प्रेक्षकाला त्या क्षणी जाणवणारी दुसरी गोष्ट, म्हणजे हे दोघे खरोखरच एका वीरपरंपरेचे वारस आहेत ही खूण, नाहीशी झाली. पॅरिस आणि हेलन यांच्यापाशी केवळ सौंदर्य आहे. युद्धविद्येची साधना नाही.

नटांच्या देहांनाही अशीच स्मृती आहे. घरमालकाची भूमिका करणारे युएन वाह हे ब्रूस ली यांचे साहसदृश्यांतील बदली नट होते. घरमालकीण झालेल्या युएन च्यू आणि ते एकाच गुरूच्या, यू जिम-युएन यांच्या, चिनी संगीतनाट्याच्या शाळेत वाढले. जॅकी चॅन आणि सॅमो हंग हेही याच शाळेचे. खलनायक झालेले ल्युंग सिउ-लुंग हे १९७० च्या दशकातील युद्धपटांचे नायक. वस्तीची कल्पना चोर युएन यांच्या ‘बहात्तर भाडेकरूंचे घर’ या १९७३ च्या चित्रपटाची आठवण करून देते. मूळ शांघायच्या प्रहसनावर आधारलेल्या त्या चित्रपटाने हाँगकाँगमध्ये ‘एंटर द ड्रॅगन’पेक्षाही अधिक उत्पन्न मिळवले आणि मंदारिन चित्रपटांपुढे जवळजवळ लोपलेल्या कँटनीज चित्रपटाला पुन्हा उभे केले. जाणकार प्रेक्षकाला म्हणूनच या वस्तीत दारिद्र्याबरोबर एका भाषेच्या टिकून राहण्याची कथाही दिसते.

अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी जॅकी चॅन व बस्टर कीटन यांची क्वेंटिन टॅरंटिनो व बग्ज बनी यांच्याशी गाठ पडावी तसा हा चित्रपट आहे, अशा आशयाचे वर्णन केले आणि ते पुष्कळ गाजले. ते नेमके आहे. मात्र त्यातील चार नावांपैकी एकच हाँगकाँगचे आहे आणि जिन योंग तर कोठेच नाहीत. ईबर्ट यांनी आपल्या स्मृतीच्या भांडारातून चित्रपटाची पुनर्रचना केली आणि चित्रपटाने तिला साथ दिली.

४

येथवरच्या विवेचनातून एक सोयीस्कर निष्कर्ष निघू शकतो : परंपरा जाणणारा प्रेक्षक म्हणजे ‘सहृदय’, त्याला चित्रपट पूर्ण उमगतो, न जाणणाऱ्याला अर्धाच. हा निष्कर्ष टिकत नाही, कारण नाराजीचा एक सूर जाणकारांतूनच उमटला आहे.

चाउ यांची कीर्ती ज्या विनोदशैलीवर उभी आहे तिला कँटनीजमध्ये ‘मो लेइ ताउ’ म्हणतात. आगापिछा नसलेले, असंबद्ध बोलणे हा तिचा प्राण होय. भरताने हास्याच्या विभावांत ‘असत्प्रलाप’ गणला आहे, त्याच्याशी तिचे नाते सहज जोडता येईल. शब्दांचे खेळ, बोलीतील श्लेष आणि ऐन गंभीर क्षणी काढलेले निरर्थक उद्गार यांवर ती जगते. ‘कुंग फू हसल’मध्ये तिचे प्रमाण घटले आणि देहाच्या व चित्राच्या विनोदाचे वाढले. निर्मितीत कोलंबिया या अमेरिकन कंपनीच्या आशियाई शाखेचा सहभाग होता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. जुन्या चाहत्याला वाटणारी हानी अशी खरी आहे. जो विनोद भाषांतरात हरवतो तो आधीच वगळला गेला, म्हणून हा चित्रपट परमुलखात पोहोचला. परका प्रेक्षक ज्या गुणासाठी चित्रपटाची स्तुती करतो, त्याच गुणात घरच्या प्रेक्षकाला उणीव दिसते.

भारतीय प्रेक्षक या दोन टोकांपैकी कोठेच बसत नाही. एस. व्ही. श्रीनिवास यांनी २००३ मधील आपल्या अभ्यासात हाँगकाँगचे युद्धपट भारतातील दुय्यम दर्जाच्या चित्रपटगृहांच्या साखळीतून कसे फिरले, याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि तेलुगू लोकप्रिय चित्रपटाशी त्यांचा संबंध तपासला. आपल्याकडील प्रेक्षकाची ‘कुंग फू’विषयीची स्मृती अशी परकी असूनही घरचीच झालेली आहे. मराठी वाचकाला तर त्या वस्तीचा चौक, सज्जे आणि नळावरची भांडणे पाहून ‘बटाट्याची चाळ’ आठवल्यावाचून राहणार नाही. ही आठवण उपयोगी आहे, पण फसवीही. पु. ल. देशपांडे यांची चाळ पांढरपेशा कनिष्ठ मध्यमवर्गाची आहे आणि तिचे हसू स्मरणरंजनात मिसळते. चाउ यांच्या वस्तीला भय आहे ते कुऱ्हाडीचे. साम्य दिसताच थांबणारी तुलना येथे प्रेक्षकाच्या अभिप्रायापेक्षा अधिक काही सांगू शकणार नाही.

५

उरतो तो चौथा सूर, उत्तरार्धाविषयीचा. त्याचा विचार करताना रससिद्धांताचा आधार घेणे उपयुक्त ठरते. भरताने हास्याचे सहा भेद सांगून ते पात्रांच्या प्रकृतीनुसार वाटून दिले : स्मित व हसित उत्तमांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. म्हणजे जितके मोठे हसू, तितका हसणारा हीन. नाट्यातील पात्रांसाठी केलेली ही वाटणी आपण नकळत प्रेक्षकांना लागू केली. ‘पाचकळ’ या विशेषणामागे तीच उतरंड उभी आहे. चाउ यांच्या चित्रपटात मात्र ती उलटी होते : ज्यांना पाहून आपण अतिहसित करतो, तीच हीन वेशातील माणसे उत्तमप्रकृती निघतात.

अभिनवगुप्ताने या चर्चेत एक महत्त्वाची भर घातली. अनौचित्य हे हास्याचे मूळ असल्याने कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य उद्भवू शकते, असे त्याचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने पाहता ‘कुंग फू हसल’चा पूर्वार्ध म्हणजे वीराभास होय : खोटा टोळीवाला, खोटी धमकी, आणि भिकाऱ्याने लहानग्या सिंगला विकलेली ‘बुद्धाच्या तळहाता’ची पोथी. पुढे तोच आभास वस्तू बनतो. सिंगच्या अंगी ती विद्या खरोखर प्रकटते. पराभूत प्रतिस्पर्धी त्या विद्येचे नाव विचारतो, तेव्हा सिंग ती शिकवण्याची तयारी दाखवतो आणि तो प्रतिस्पर्धी गुडघे टेकून त्याला गुरू म्हणतो. वीराभासाचे वीरात आणि वीराचे क्षमेत रूपांतर झाल्यावर हास्याला आधार उरत नाही.

हेच एका प्रेक्षकाला खटकते आणि दुसऱ्याला भावते. खटकणारा हास्य हाच अंगी रस मानून बसला होता. त्याच्या दृष्टीने शेवट हे रसविघ्न आहे. ज्याला भावते त्याला बालपणी विकत घेतलेली आणि मोठेपणी खोटी ठरलेली पोथी अखेरीस खरी निघते, यातले समाधान मिळते. त्यासाठी ‘बुद्धाचा तळहात’ हे १९६० च्या दशकातील कँटनीज चित्रपटमालिकेचे नाव ठाऊक असणे आवश्यक नाही. लहानपणी कशावर तरी भाबडा विश्वास ठेवलेला असणे पुरेसे आहे. त्या मुक्या मुलीची गोळ्या-चॉकलेटांची आठवण हेच काम करते. सहृदयता केवळ संदर्भज्ञानातून येत नाही, हे येथे सिद्ध होते. ‘सहृदय’ या शब्दात ज्ञानापेक्षा हृदय आधी आहे, याचा आपल्याला अधूनमधून विसर पडतो.

६

प्रेक्षकाचे मत जसेच्या तसे स्वीकारून ‘लोकांना आवडले’ हा मूल्यनिर्णय मानणे समीक्षेला शोभणारे नाही. ते अडाणी ठरवून टाकून देणेही नाही. वरील चारही सुरांना काही ना काही आधार कृतीत सापडला : हिंसेविषयीच्या तक्रारीला मोडलेल्या कराराचा, करामतींविषयीच्या तक्रारीला हरवलेल्या भाषिक विनोदाचा, उत्तरार्धाविषयीच्या वादाला रसांतराचा. आनंदाचा सूरही साधा राहिला नाही, कारण एकाच हशात ट्रॉयची हेलन आणि श्याओलोंगन्यू या दोघी असू शकतात, हे आपण पाहिले.

तौलनिक अभ्यासकापुढील काम यातून स्पष्ट होते. कृती सीमा ओलांडते तेव्हा काय पोहोचले याची मोजदाद आपण करतोच. त्याबरोबर पोहोचण्यासाठी काय मागे ठेवावे लागले, आणि ते मागे राहिल्याची खंत कोणत्या प्रेक्षकाला आहे, हेही विचारावे लागेल. त्यासाठी अनेकदा ग्रंथालयात जाण्याआधी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या माणसाचे कुरकुरणे ऐकून घ्यावे लागते. तो आपल्या परिभाषेत बोलत नाही. पण ज्या जागी तो हसायचा थांबला, ती जागा तो अचूक दाखवतो.