गोरा, पण कोणापेक्षा?

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीत जॉन एस्कॅलियट नावाचा एक पाद्री होता. लूट आटोपून मराठे परतले आणि त्याच महिन्यात त्याने विलायतेत सर थॉमस ब्राउन यांना एक लांबलचक पत्र धाडलं. महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांकडून ऐकलेलं वर्णन त्यात आहे. उंची बेताची, अंग ताठ आणि प्रमाणबद्ध, बोलताना चेहरा हसरा, नजर चपळ आणि भेदक. रंगाबद्दल तो सांगतो की आपल्या सगळ्या माणसांत ते अधिक गोरे.

इतिहासाचे अभ्यासक या वर्णनात रमतात ते उंचीसाठी आणि नजरेसाठी. रंगाऱ्याचं घोडं मात्र शेवटच्या वाक्यावर अडतं. कारण पाद्र्याने रंग सांगितलेलाच नाही, तुलना सांगितली आहे. डबीतून काढून लावता येईल असा रंग या वाक्यात नाही. तो दाखवायचा तर शेजारी दुसरा माणूस उभा करावा लागतो.

तो उभा केलेला मी पाहिला कामरेजला. तापीकाठचं हे गाव एके काळी बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतातला तालुका होतं, म्हणजे मराठी अंमल इथे नवा नाही. आज कामरेज म्हटलं की महामार्गावरचा चार रस्ता आणि सुरतेकडे पसरत गेलेल्या सोसायट्या. अशाच एका सोसायटीत राहणारे आमचे एक खानदेशी स्नेही (नाव छापायचं नाही, ही त्यांची अट) दिवसभर एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये संगणकावर डिझाइनचं पंचिंग करतात आणि रात्री भिंग लावून वीतभराहून लहान माणसं रंगवतात. त्यांच्या काचेच्या कपाटात सध्या दोन आकृत्या आहेत: तंबूच्या पडद्याशी बसलेले महाराज, आणि त्यांच्या पुढ्यात नंगी तलवार घेऊन उभा असलेला पहारेकरी.

प्रसंगही एस्कॅलियटच्याच पत्रातला आहे. सुरतेचा मुघल अंमलदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडून बसला आणि तहाच्या बोलण्याचं निमित्त करून त्याने एक तरुण वकील महाराजांकडे पाठवला. बोलता बोलता त्या वकिलाने खंजीर उपसून झेप घेतली. पुढ्यातल्या पहारेकऱ्याने एका वारात त्याचा हात उडवला, तरी अंगाच्या जोरावर तो महाराजांवर आदळलाच. महाराजांच्या कपड्यांवर रक्त दिसलं आणि महाराज पडले अशी आवई छावणीत उठली. आमच्या स्नेह्यांनी घेतला आहे त्याच्या क्षणभर आधीचा प्रसंग. वकील चित्रात नाही. महाराज त्याच्याशी बोलत आहेत आणि तो उभा आहे आपल्या, म्हणजे बघणाऱ्याच्या, जागी. ही जागा सुचली तिथेच निम्मं काम झालं असं मला वाटतं.

आकृत्या रेझिनच्या आहेत, ७५ मिलिमीटरच्या, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्याच्या. डोकं सेंटिमीटरभर, डोळ्याची लांबी सव्वा मिलिमीटर. आपल्याकडे एवढ्या मापाचे शिवाजी महाराज घरोघरी असतात, दिवाळीच्या किल्ल्यावर. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेल्या त्या मावळ्यांचे चेहरे एकाच भांड्यातल्या गुलाबी रंगात बुडालेले, मिशीचा एक फटकारा, सिंहासनाला सोनेरी. विलायतेत ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून पोकळ शिशाचे ५४ मिलिमीटरचे सैनिक काढले, त्यांचीही तऱ्हा याहून फार वेगळी नव्हती. खेळण्याला तेवढा रंग पुरतो. वाईट वाटतं ते हजारोंची आकृती मागवून तिच्यावर तोच गुलाबी चढवणाऱ्यांचं.

आधी पहारेकरी पाहू, कारण महाराजांचा रंग त्याच्यावर अवलंबून आहे. तो सावळ्याच्याही पुढचा आहे, पण काळा रंग त्याच्यात कुठेच नाही. बैठक रॉ अंबर आणि बर्न्ट सिएनाची. सावल्यांत जास्तीचा अंबर आणि किंचित अल्ट्रामरीन. कातडीत काळा मिसळला की माणूस मेलेला दिसतो. खरी करामत उजेडाच्या जागी आहे. कपाळाचा उंचवटा, नाकाचा दांडा, गालाचं हाड इथे नवशिका सरळ पांढरा मिसळतो आणि चेहऱ्यावर खडू फासल्यासारखा दिसतो. इथे तिन्ही जागी निळसर राखाडीचा पाण्याइतका पातळ हात फिरला आहे. कातडीवरची चकाकी वरच्या तेलकट थरावरून येते आणि ती कातडीचा रंग घेत नाही, उजेडाचा घेते. गोऱ्या चेहऱ्यावर ही झाक विरून जाते, सावळ्यावर उठून दिसते. जानेवारीतल्या सकाळचं आभाळ त्या कपाळावर आहे.

मग नजर खाली उतरते. कोपर कोरडं, राखी. मुठीतून दिसणारी तळहाताची कड फिकी. पोटऱ्यांवर धूळ, पण ती वरून भुरभुरवलेली नाही; घोट्यापाशी दाट, वर जात विरळ. आणि एक जागा अशी की तिच्यासाठी मी ती आकृती पुन्हा हातात मागितली. तलवार उचलताना अंगरख्याची बाही वर सरकली आहे आणि दंडावर बोटभराचा पट्टा उघडा पडला आहे. तो पट्टा हातापेक्षा कितीतरी उजळ आहे, जवळजवळ महाराजांच्या गालाच्या रंगाचा! ऊन न लागलेला मावळा. पाद्र्याच्या तुलनेला एवढं नेमकं उत्तर मी कुठे वाचलेलं नाही. ते पहिल्या नजरेला दिसत नाही, हेही बरंच.

महाराजांच्या चेहऱ्याला यलो ऑकरची बैठक आहे. हा गोरेपणा सह्याद्रीतल्या माणसाचा, गव्हाळाच्या वरच्या अंगाचा. आयुष्य घोड्यावर गेलेल्या माणसाचा. जिरेटोप घातलेला नाही, पागोटं आहे, आणि त्याच्या काठाखाली केसभर रुंदीची एक फिकी रेघ सोडली आहे, उन्हाची सीमा. कपाळ पिवळसर, गाल आणि नाक तांबूस, दाढीच्या कडेला हिरवटपणाकडे झुकणारा राखाडी: चेहऱ्याचे हे तीन पट्टे रंगाऱ्यांच्या जुन्या ठोकताळ्यातले आहेत आणि पुष्कळदा ते झेंड्यासारखे वेगळे दिसतात. इथे ते शोधावे लागतात. उजेड संपून सावली सुरू होते त्या कडेवर लालसर ग्लेझ आहे, कारण तिथे उजेड कातडीच्या आत शिरून रक्ताचा रंग घेऊन बाहेर येतो. कानाची पाळी त्याच न्यायाने तांबडी. पागोट्याच्या सावलीत असूनही ती जिवंत वाटते.

हसू ओठांत शोधू नका. ओठांची रेघ सरळच आहे. खालच्या पापणीखाली एक बारीक उजळ कड आणि गालाचा किंचित उचललेला उंचवटा, एवढ्यावर ते हसू उभं आहे. डोळ्याचं पांढरंही पांढरं नाही, मळकट हस्तिदंती आहे. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, त्यामुळे नजर बटबटीत होत नाही. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती कसलेल्या हाताकडे जाते. आमचे स्नेही उलटे चालतात: आधी डोळे, मग चेहरा. बिघडलं तर पुसून पुन्हा मांडता येतं, हे त्यांचं साधं कारण. पेणला मूर्तीत प्राण येण्याचा तो क्षण असतो, इथे कामाची पहिली पायरी. मला पेणची रीत मनाने जवळची, पण या नजरेकडे पाहून तक्रार करवत नाही.

आता धातू. कातडीवरची चकाकी उजेडाचा रंग घेते, असं वर म्हटलं. सोनं तसं करत नाही. त्याची चकाकीसुद्धा पिवळीच राहते. म्हणून सोन्यावर शुभ्र ठिपका ठेवला की ते पितळेचंही राहत नाही, प्लास्टिकचं होतं. महाराजांच्या जाम्याच्या काठावरची जरी धातूचा रंग न वापरता रंगवली आहे: गडद तपकिरी, त्यावर ऑकर, त्यावर लिंबाकडे झुकणारा पिवळा, आणि अगदी टोकाला मलईसारखा एक स्पर्श. सोनेरी रंगात चमकीचे कण असतात, आणि चोविसाव्या हिश्श्याच्या काठावर तो एकेक कण टिकलीएवढा दिसतो. जरी तुटक चमकते, पत्र्यासारखी सलग नाही. दिवसभर जरीच्या धाग्यांचीच डिझाइनं बसवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

सुरत जरीचं गाव. पूर्वी इथे चांदीच्या कांडीवर सोन्याचं पान चढवायचे, मग ती कांडी ओढत ओढत केसासारखी तार करायचे, ती चपटी करून रेशमावर गुंडाळायचे. वरून सोनं, आत चांदी. झिजली की आतलं बाहेर येतं. महाराज बसले आहेत, गुडघ्यापाशी जाम्याची घडी ताणली आहे, आणि नेमक्या त्या घडीवर काठ पिवळा न राहता रुपेरी राखाडी झाला आहे. दोन-तीन टिंबांचं काम. हा जामा मोहिमेवर वापरला गेला आहे, हे त्या टिंबांनी कळतं.

सोन्याने सोनं दाखवायचं की रंगाने, हा वाद आपल्याकडे जुना आहे. महाराजांची गोवळकोंड्याच्या कलमाची लघुचित्रं आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या परंपरेत चितारी सोन्याचं पान डिंकात खलून लावायचा, अकीकाने घोटायचा, कधी सुईने टोचून आणखी चमकवायचा; आणि चेहरा मात्र बारीक ठिपक्यांच्या परदाजाने घडवायचा. अकीक म्हटला की भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणी आठवतात, म्हणजे आमच्या शेजारचाच दगड. दुसरी वाट राजा रविवर्म्याची. सयाजीरावांच्या बडोद्यात त्याने रंगवलेल्या राजघराण्यातल्या व्यक्तींच्या अंगावरचे दागिने आणि जरीचे पदर तेलरंगातल्या पिवळ्या-तपकिरीतून झळकतात. एका वाटेचं सोनं तुम्ही हललात की हलतं. दुसरीचं चित्रातल्या उजेडाशी बांधलेलं असतं.

या जोडीत दोन्ही वाटा आहेत, आणि माझा आक्षेप इथेच आहे. जरी रविवर्म्याच्या वाटेची, पण पहारेकऱ्याची धोप खऱ्या धातूच्या रंगाची. काळ्या बैठकीवर ॲल्युमिनियमच्या कणांचा पोलादी, त्यावर तपकिरी आणि निळ्या ग्लेझचे हात. पातं म्हणून ते उत्तम आहे. मुठीजवळ तेलाचा मळ, मध्यावर थंड निळसर, टोकाला धार. पडद्याचा भगवट पिवळा पात्याच्या सपाटीवर उतरला आहे आणि कडेला पहारेकऱ्याच्या मनगटाचा तपकिरी. शेजारी जे असेल ते पोलाद उचलतं, हे इथे कळतं. पण कपाटात वरून एलईडीची पट्टी आहे. बघणारा जरा सरकला की पातं लखलखतं, जरी जागच्या जागी राहते, आणि डोळा महाराजांचा चेहरा सोडून तलवारीवर जातो. गुडघ्यावरची ती रुपेरी टिंबं तर मग कोणाला दिसणारच नाहीत.

पिवळा दिवा लावून पाहा, असं मी सुचवलं. त्यांनी लावला. पातं निवलं, पण पहारेकऱ्याच्या कपाळावरचं निळसर आभाळही गेलं आणि तो नुसता तपकिरी उरला. पुन्हा पांढरी पट्टी लागली. मग पात्यावर आणखी एक मंद हात द्या, असा हट्ट मी धरला. त्यांनी भिंग डोळ्यावरून वर सारलं आणि मान हलवली.

“तलवार दिसू दे की. खानाच्या वकिलाला दिसली नाही, त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.”