खोक्यावरचं चित्र आणि पायरसीचा बागुलबुवा

व्हिडिओ गेमच्या खोक्यांवरील चित्रांचे जे संग्रह हल्ली इंटरनेटवर उभे राहत आहेत, त्यांतले बरेचसे पाहून चीड येते. काही ठिकाणी चित्रं एआयकडून ‘सुधारून’ घेतलेली असतात. चित्रकाराच्या ब्रशचा फटकारा त्यात नाहीसा होतो आणि उरतं ते जतन केलेलं चित्र नव्हे, दुसरंच काही. लिलावासाठी अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत कायमची बंद केलेली खोकी अभ्यासाच्या कामाची नाहीत. या दोहोंवर अधिक शब्द खर्चायचं कारण नाही. मात्र तिसरा प्रकार जबाबदारीचा आव आणतो, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा. पायरसीला हातभार लागू नये म्हणून चित्र टपाल तिकिटाएवढं करायचं, मधोमध वॉटरमार्क ठोकायचा आणि खोक्याची मागची बाजू दाखवायचीच नाही, असा हा प्रकार आहे.

यात काय हरवतं ते पाहू. १९७७ साली अटारीच्या ‘कॉम्बॅट’मध्ये पडद्यावरचे रणगाडे म्हणजे मोजके चौकोन होते. क्लिफ स्पॉनने खोक्यासाठी रंगवलेल्या रणगाड्यांना आणि विमानांना मात्र वजन होतं, वेग होता. खेळणाऱ्याच्या कल्पनेला खाद्य पुरवण्याचं काम त्या चित्राने केलं. म्हणून ते नुसती जाहिरात नाही, खेळाचाच एक भाग आहे. १९८५ मध्ये निंटेंडोने अमेरिकेत नेमकी उलट वाट धरली. काळ्या खोक्यावर पडद्यावरच्याच आकृत्या, त्यांचे चौकोन स्पष्ट दिसतील इतक्या मोठ्या करून छापल्या. १९८३ मध्ये व्हिडिओ गेमच्या बाजाराची जी पडझड झाली, तिच्यानंतर बिचकलेल्या गिऱ्हाइकासमोर आत जे आहे तेच बाहेर मांडलं. पुढे २००१ मध्ये ‘इको’चं जपानी मुखपृष्ठ खुद्द खेळाचा दिग्दर्शक फुमितो उएदाने चित्रकार डी किरिकोच्या चित्रांचा प्रभाव घेऊन केलं: लांब सावल्या, ओसाड वास्तू, त्यात हरवलेली दोन इवलीशी माणसं. अमेरिकेत त्याच खेळाला वेगळंच, चारचौघांसारखं मुखपृष्ठ मिळालं. बाजारपेठेने चित्रकलेला कुठे वाट दिली आणि कुठे अडवलं, हे अशा जोड्या शेजारी ठेवल्यावरच कळतं. त्यासाठी खोकं सगळ्या बाजूंनी लागतं. मागचा मजकूर, कडा, झाकणाच्या आतल्या घड्या, दुकानदाराने डकवलेली किमतीची चिठ्ठी, सगळंच.

ज्या मोजक्या संग्राहकांनी हे ओळखलं आहे, त्यांचं काम मला या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ते खोक्याची प्रत्येक बाजू ६०० डीपीआयने स्कॅन करतात आणि ओरखडाही पुसत नाहीत. निंटेंडोच्या त्या काळ्या खोक्याची दर्शनी बाजू साधारण पाच बाय सात इंचांची. या मापाने तिचे सव्वा कोटीच्या वर पिक्सेल होतात. विकिपीडियाच्या नियमाप्रमाणे अशा चित्राची प्रत लाखभर पिक्सेलच्या आसपास ठेवायची असते. ज्ञानकोशातल्या नोंदीला तेवढी पुरते, अभ्यासाला पुरत नाही. पूर्ण स्कॅन मोठा करून पाहिला की निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची फुलं दिसू लागतात. अक्षरं मात्र एकसंध काळ्या शाईची, धारदार कडांची असतात. दुकानाच्या काचेत उन्हात राहिलेल्या खोक्याची किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते आणि सगळं चित्र निळसर पडतं, हेही त्यात वाचता येतं.

असे स्कॅन नकली खोकी छापणाऱ्यांना आयते मिळतात, हा आक्षेप पोकळ नाही. नकली खोकी बनतात आणि अस्सल म्हणून विकलीही जातात. पण एक अस्सल खोकं आणि एक स्कॅनर ज्याच्याकडे आहे, त्याला कुणाच्या संग्रहाची गरजच नसते. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी खेळल्या गेलेल्या ‘९९९९ इन १’ कॅसेटींवर मारिओची चित्रं सर्रास असायची. कुठल्या ऑनलाइन संग्रहावाचून तो धंदा अडला नव्हता. उलट ते ठिपके हाच नकलीविरुद्धचा पुरावा आहे. स्कॅनवरून पुन्हा छापताना काळी अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांत फुटतात आणि जुन्या-नव्या ठिपक्यांची जाळी एकमेकांत अडकून पट्टे उमटतात. विकत घेणाऱ्याला ताडून पाहायला अस्सलचा मोठा स्कॅनच लागतो. दुसरा आक्षेप असा, की ही चित्रं चोरलेल्या खेळांच्या यादीला सजवतात. खरं आहे, पण तिथे लागतं ते दर्शनी बाजूचं लहानसं, स्वच्छ चित्र. म्हणजे जी लहान प्रत ‘सुरक्षित’ म्हणून दिली जाते, तीच चोराला पुरते, आणि जे रोखून धरलं जातं ते फक्त अभ्यासकाला हवं असतं.

राहिला कॉपीराइट. २०१८ साली निंटेंडोने लव्हरॉम्स या संकेतस्थळावर दावा लावला आणि १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल मिळवला, तेव्हापासून संग्राहक धास्तावलेले आहेत. पण तो वाद मुख्यतः चालवता येणाऱ्या खेळांच्या प्रतींचा होता. खोक्याचं चित्र कन्सोलमध्ये घालून कुणी खेळत नाही. त्या चित्रावरही हक्क असतो, हे नाकारायचं नाही. अमेरिकी कायद्याने १९७७च्या चित्राची मुदत २०७२ च्या अखेरीस संपते. पण तोवर पुठ्ठा आणि शाई टिकतील याची हमी कोण देणार? चित्रकाराच्या हिताचा दाखला तर या वादात देऊच नये. त्या काळच्या कितीतरी खोक्यांवर चित्रकाराचं नावसुद्धा छापलेलं नसे. अटारीच्या चित्रकारांची नावं वाचकांपर्यंत नीट पोचली ती टिम लॅपेटिनोच्या २०१६च्या पुस्तकामुळे, म्हणजे चित्रं मोठ्या आकारात लोकांसमोर मांडणाऱ्या कामामुळेच. तेव्हा ज्यांच्या कपाटात अशी खोकी आहेत त्यांना विनंती, की खेळाची प्रत कुणाला देऊ नका. पण खोकं सगळ्या बाजूंनी, पूर्ण आकारात, वॉटरमार्कशिवाय स्कॅन करा आणि चित्रकाराचं नाव सापडलं तर ते चित्राखाली लिहा.