मुंबईचे शांती-आवाहन : एक भाषिक विचार

युद्धविरोधी धार्मिक वाङ्मयाची समीक्षा बहुधा आशयाच्या अंगाने केली जाते. वक्त्याने क्रियापदे कोणत्या अर्थी योजिली आणि कोणाचे नाव घ्यावयाचे टाळले, इकडे सहसा लक्ष जात नाही. १९६४ साली मुंबईत ३८ वी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली असता पोप सहावे पॉल यांनी केलेले आवाहन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

४ डिसेंबर रोजी त्यांनी वृत्तपत्र-प्रतिनिधींच्या हाती जगासाठी एक निरोप दिला. राष्ट्रांनी शस्त्रस्पर्धा थांबवावी. शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा निदान काही अंश एका जागतिक निधीस द्यावा. त्यातून अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची तरतूद व्हावी, असा त्याचा आशय. इंग्रजी पाठातील ही वाक्ये 'असे घडते तर किती बरे' या धाटणीची, म्हणजे निव्वळ इच्छादर्शक आहेत. मराठीत मात्र 'थांबवावी', 'द्यावा' अशी विध्यर्थी रूपे येतात, आणि आपल्या विध्यर्थात इच्छा, विनंती व कर्तव्य ही तिन्ही एकत्र नांदतात. परिणामी मराठी पाठ मुळाहून अधिक बंधनकारक वाटतो. हा भाषेचा गुण. त्याचे श्रेय मूळ वक्त्यास देता येणार नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात टोंकिनच्या आखातातील प्रकरणानंतर अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात अधिक खोल उतरली होती, ऑक्टोबरात चीनने पहिला अणुस्फोट केला होता. आवाहनात यांपैकी कशाचाच नामनिर्देश नाही. डिसेंबर १९६१ मधील गोव्याच्या लष्करी कारवाईस भारतीय वाचक मुक्ती म्हणतो, लिस्बनने तिला आक्रमण म्हटले. आणि पोपच्या या यात्रेलाच पोर्तुगीज सरकारने जाहीर आक्षेप घेतला होता. एका युद्धाचे नाव घेतले असते तर मुंबईत उभे राहून गोव्याविषयीही बोलावे लागले असते, असा तर्क करण्यास जागा आहे. तथापि हे आवाहन पोकळ म्हणता येत नाही. त्यात राष्ट्राचे नाव नसले तरी पैशाचा हिशेब आहे, आणि १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या परिपत्रकात निधीची तीच मागणी पुन्हा आली.

खरी अडचण 'शांती' या शब्दात आहे. लॅटिन 'पाक्स'च्या मुळाशी बांधणे, करार करणे हा अर्थ आहे (आपला 'पाश' त्याच धातुकुळातला). 'शांती' येते 'शम्' धातूपासून. तिच्यात शमणे आहे, करार नाही. वैदिक यज्ञात पशूचा वध करणाऱ्यास 'शमिता' म्हणत, हे विसरता येत नाही. बंड 'शांत' करणारे सैन्य हाच धातू वापरते. उलट प्रचलित मराठी बायबलातील 'शांती करणारे' हा प्रयोग कोल्हापुरातील एखाद्या पेठेत उच्चारला, तर ऐकणाऱ्यास आधी वास्तुशांत किंवा उदकशांत करणारे भटजी आठवतील. युद्धाला आडवा येणारा माणूस या शब्दातून उभा राहत नाही. मराठीत 'तह' आणि 'सलोखा' हे शब्द होते. पण एक दरबारी, दुसरा घरगुती ठरला आणि उपासनेच्या भाषेत दोन्हींना स्थान मिळाले नाही.

तुलनेसाठी एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो घ्यावेत. १७ फेब्रुवारी १९८० रोजी त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांस पत्र लिहून आपल्या देशातील सरकारला लष्करी मदत देऊ नये, हस्तक्षेप करू नये, अशी मागणी केली. येथे पत्ता आहे, देश आहे, नाकारावयाची वस्तू आहे. २३ मार्चच्या प्रवचनात ते सैनिकांशीच बोलले. त्यांची त्या ठिकाणची क्रियापदे चढत्या क्रमाने येतात : विनवणी, विनंती आणि अखेर ईश्वराच्या नावाने आज्ञा. दुसऱ्या दिवशी उपासना चालवीत असतानाच त्यांची हत्या झाली. मराठी विध्यर्थ ज्या छटा एका प्रत्ययात मिसळून टाकतो, त्या रोमेरो यांनी तीन क्रियापदांत वेगळ्या केल्या आहेत. अनुवादकाने तेथे केवळ 'दडपशाही थांबवावी' असे लिहिले, तर व्याकरण बिघडत नाही. परंतु तिसरी पायरी, म्हणजे आज्ञा, वाक्यातून निघून जाते.