हाताने रंगवलेली सलोमे: प्रत चित्राची की गोष्टीची?

'शंभर टक्के हाताने रंगवलेलं, कॅनव्हासवर तैलरंगात' अशी जाहिरात वाचून आज कुठलंही प्रसिद्ध चित्र घरबसल्या मागवता येतं. चीनमध्ये शेन्झेन शहरातलं दाफेन तर याच धंद्यासाठी ओळखलं जातं. व्हॅन गॉगची सूर्यफुलं तिथून जगभर गेली. त्यावर नाक मुरडण्यात आम्हाला रस नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. सूर्यफुलांच्या मागे ग्रंथ नाही. पण प्रतीकवादी चित्रकारांची कितीतरी चित्रं वाचनातून जन्मली. अशा चित्राची प्रत काढणाऱ्याने नेमकं काय उतरवायचं?

एकच चित्र घेऊ, गुस्ताव्ह मोरोचं 'आभास'. जलरंगातलं, उंची साधारण १०६ सेंटिमीटर, १८७६ च्या पॅरिसच्या सलोंमध्ये मांडलेलं. गोष्ट बायबलमधली, मत्तय आणि मार्कच्या शुभवर्तमानांतली. हेरोद राजापुढे हेरोदियाची मुलगी नाचते आणि बक्षीस म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात मागते. गंमत म्हणजे तिचं नावसुद्धा या दोन्ही ठिकाणी नाही. सलोमे हे नाव इतिहासकार जोसेफसकडून आलं.

आता मोरो काय करतो बघा. तबकातलं शिर तो हवेत उचलतो. भोवती प्रभावळ, मानेतून रक्त ठिबकतंय, आणि सलोमे हात उंचावून त्याच्याकडे बोट दाखवतेय. ग्रंथात असं कुठेच नाही. हे मोरोचं स्वतःचं वाचन आहे. आणि हे वाचन शिरापेक्षाही बाकीच्यांच्या वागण्यात आहे. हेरोद बसलेला, हेरोदिया बसलेली, वादक आहे, तलवारवाला मारेकरी उभा आहे, आणि यांच्यापैकी कुणीही दचकलेलं नाही. दरबारात कापलेलं शिर तरंगतंय आणि कुणाला पत्ताच नाही! म्हणजे ते फक्त तिलाच दिसतंय. चित्राला 'आभास' म्हणायचं कारण तिथे आहे, त्या मागच्या थंड चेहऱ्यांत.

आणि विकतच्या प्रतींत पहिला बळी जातो तो याच चेहऱ्यांचा. साधं कारण आहे, माप. दिवाणखान्याच्या भिंतीसाठी चित्र साठ सेंटिमीटरवर आणलं, की मागच्या माणसांचे डोळे म्हणजे ब्रशचे ठिपके. कारागिराच्या समोर मूळ चित्र नसतं, फोटो असतो. त्यात जे ठळक, ते तो मन लावून करतो: सलोमेचे दागिने, शिराचं तेज. मागची माणसं तपकिरी अंधारात सारली जातात. आम्ही पाहिलेल्या एका प्रतीत हेरोदाला चेहराच नव्हता, नुसती दाढी होती. काम गचाळ होतं असं नाही, दागिने तर अप्रतिम होते. पण पाहणारं कुणी उरलंच नाही, तर न दिसण्याला अर्थ काय? मग एक सुंदर बाई आणि एक कापलेलं डोकं एवढंच राहतं.

दुसरी अडचण जास्त गंमतीची. मोरोने हाच विषय तैलरंगातही केला आणि ते चित्र स्वतःकडेच ठेवलं. पॅरिसमधलं त्याचं घर आज त्याचं संग्रहालय आहे, तिथे ते आहे. आयुष्याच्या अखेरीस त्याने त्यावर बारीक रेषांचं जाळं आखलं. खांब, नक्षी, मूर्ती, सगळं रेषेत. खालच्या रंगाशी त्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत, रंगावर तरंगतात. जणू दरबाराचाच आभास व्हावा. पण नकलकार चौकटी आखून तुकडा तुकडा उतरवत जातो. त्याच्या हाताखाली ही रेष खांबावरचं कोरीवकाम होऊन बसते. वर्षांनंतर आलेला हात पहिल्या हाताबरोबर एकाच थरात वाळतो.

मग नक्कल वाईटच का? मुळीच नाही. मोरो स्वतः पक्का नकलकार. १८५७ ते १८५९ इटलीत राहून त्याने जुन्या चित्रांच्या प्रती काढल्या. पुढे शिक्षक झाल्यावर तो विद्यार्थ्यांना लूव्हरमध्ये प्रती काढायला पाठवायचा, आणि त्या विद्यार्थ्यांत मातिस होता, रुओ होता. आपल्याकडेही जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ पासून अनेक वर्षं अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रती काढत होते. त्यातल्या बऱ्याच १८८५ साली लंडनच्या आगीत गेल्या, तो वेगळाच शोक. पण ही मंडळी मुळासमोर उभी राहून प्रत काढत होती. कुठला रंग आधी, कुठला नंतर, हे भिंतीलाच विचारत होती.

मूळ न पाहताही चांगली प्रत निघते का? निघते. आणि 'आभास'ची सगळ्यात गाजलेली प्रत तर रंगांत नाहीच. युइस्मांसच्या १८८४ च्या 'आ रबूर' कादंबरीचा नायक देझेसँत हे चित्र विकत घेतो आणि त्याच्यासमोर रात्री काढतो. ते वर्णन वाचून किती जणांनी मनात सलोमे रंगवली असेल! त्या वर्णनात रत्नांची रेलचेल आहे, पण मारेकऱ्याचा निर्विकार चेहराही आहे. लेखकाने तो गाळला नाही, कारण भीती कशामुळे वाढते हे त्याला कळलं होतं.

शेवटी कुणीतरी विचारणारच, की घ्यायची झाली तर काय बघून घ्यावी? आधी दोनांपैकी कुठल्या 'आभास'ची प्रत आहे ते विचारा, पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. माप जमेल तितकं मोठं सांगा. आणि वॉर्निश लावायच्या आधी फोटो मागवाल, तेव्हा सलोमेचा नको, हेरोदाच्या तोंडाचा मागवा.