‘फाइल सापडत नाही’, पण कंसात १३

समीक्षा म्हटली की पुस्तकाची किंवा नाटकाची असते. आज मी एका ओळीची करणार आहे. ही ओळ मायएसक्यूएलची आहे आणि तिने माझा एक अख्खा सीझन जवळजवळ बुडवला होता. मराठीत सांगायचं तर ती अशी: ‘फाइल सापडत नाही: नोंद.एफआरएम (एररनो: १३)’.

आधी प्रसंग सांगते. मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या रोजच्या नोंदी मी एका जुन्या लॅब-संगणकावर ठेवत होते. जून-जुलैत ६१ दिवस मासेमारी बंद असते, तेव्हाच निवांत विश्लेषण होतं. म्हणून त्या दिवसांत डेटा नव्या मशीनवर हलवायचं ठरवलं. दोन्हीकडे उबंटू, आणि टेबलं मायआयसॅम प्रकारची, म्हणजे नुसत्या फाइली उचलून नेल्या तरी चालतात. नवा डेटाबेस तयार केला आणि त्याच्या फोल्डरमध्ये सुडो लावून फाइली कॉपी केल्या. यादी मागितली तर टेबलांची नावं दिसली. टेबल उघडायला गेले, तर वरची ओळ.

‘सापडत नाही’ असं वाचल्यावर माणूस काय समजेल? कॉपी अर्धवट झाली, असंच मी समजले. सहा महिन्यांपूर्वीचा बॅकअप त्याच फोल्डरवर ओतला. पुन्हा तीच ओळ. जुनी डिस्क पुसून दुसऱ्या कोणाला द्यायची होती, ती तेवढी राहिली होती म्हणून मधल्या सहा महिन्यांच्या नोंदी वाचल्या. फोनवर एका मित्राने एवढंच विचारलं, “कंसात काय आहे?”

कंसातला आकडा मायएसक्यूएलचा नव्हता, ऑपरेटिंग सिस्टिमचा होता. डेटाबेस स्वतः डिस्कला हात लावत नाही. तो कर्नलला ‘ही फाइल उघड’ म्हणतो, आणि नाही जमलं तर कर्नल एक आकडा परत देतो. २ म्हणजे अशी फाइल नाही. १३ म्हणजे फाइल आहे, पण तुला परवानगी नाही. सुडोने कॉपी केल्यामुळे फाइलींचा मालक रूट झाला होता, आणि मायएसक्यूएल चालतो ‘मायएसक्यूएल’ नावाच्या युजरच्या अधिकाराने. मालक बदलला, सगळं उघडलं. दोन मिनिटांचं काम.

म्हणजे एकाच ओळीत दोन साक्षीदार आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. शब्द म्हणतात फाइल नाही, आकडा म्हणतो आहे. शब्द खोटे का? कारण ते प्रोग्रॅमरने आधीच लिहून ठेवलेत. या ठिकाणी फाइल उघडली नाही तर ‘सापडत नाही’ म्हणायचं, कारण काही का असेना. खरं कारण फक्त आकड्यात येतं. गंमत म्हणजे ‘फाइल उघडता येत नाही’ असा दुसरा, जास्त प्रामाणिक साचा मायएसक्यूएलकडे आहेच.

पण त्या कंसावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मायएसक्यूएल स्वतःच्या साठवणुकीच्या चुकासुद्धा त्याच ‘एररनो’ नावाखाली छापतो. १४५ आला तर तो कर्नलचा नाही. टेबल बिघडलंय, दुरुस्त करा, असं मायएसक्यूएल स्वतः सांगतोय. मायएसक्यूएलसोबत येणाऱ्या ‘पीएरर’ या छोट्या साधनाला लिनक्सवर १२६ विचारा, ते दोन उत्तरं देतं: सिस्टिमच्या भाषेत ‘लागणारी की उपलब्ध नाही’, मायएसक्यूएलच्या भाषेत ‘इंडेक्स फाइल बिघडली’. एकाच खिशात दोन देशांची नाणी!

मशीनही बघावं लागतं. विंडोजवर ५ म्हणजे परवानगी नाही, साधी गोष्ट. लिनक्सवर ५ म्हणजे इनपुट-आउटपुट एरर, बऱ्याचदा डिस्कच शेवटच्या घटका मोजतेय. तिथे टेबल दुरुस्तीची कमांड देऊ नका, आधी डिस्कची प्रत काढा. विंडोजवर ३२ म्हणजे फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरून ठेवलीय. लिनक्सवर ३२ चा फाइल उघडण्याशी संबंधच नाही. आणि लिनक्सवर २४ आला तर फाइलीत काही दोष नसतो, एका वेळी जास्त फाइली उघडल्या गेल्यात एवढंच.

१३ वर नेटवर मिळणारा उपाय ठरलेला: ‘७७७ करून टाका’. म्हणजे घराचं दार काढून ठेवा. शिवाय सगळ्यांना लिहिता येईल अशी कॉन्फिग फाइल मायएसक्यूएल चक्क वाचतच नाही, त्यामुळे उत्साहाच्या भरात तिलाही ७७७ केलं तर तुमच्या सेटिंग गायब. आणि कधीकधी परवानग्या बरोबर असूनही १३ येतो. उबंटूवर अ‍ॅपआर्मर नावाचा पहारेकरी असतो. डेटा नेहमीच्या जागेवरून दुसऱ्या डिस्कवर नेला की तो अडवतो. त्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये मिळते, मायएसक्यूएल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

इतरांशी तुलना केली तर पोस्टग्रेस सरळ आहे: फाइलचा पत्ता आणि पुढे सिस्टिमचेच शब्द. एसक्यूएल सर्व्हरही आकडा आणि अर्थ दोन्ही छापतो. एसक्यूलाइट मात्र ‘डेटाबेस फाइल उघडता येत नाही’ म्हणून गप्प बसतो. अनेकदा फाइल ठणठणीत असते, फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते, आणि त्याला शेजारी जर्नलची फाइल बनवायची असते.

मायएसक्यूएलने पुढच्या आवृत्त्यांत कंसात आकड्यासोबत अर्थही द्यायला सुरुवात केली. ८.० मध्ये एफआरएम फाइलीच गेल्या. मारियाडीबीत त्या अजून आहेत. आमच्या लॅबच्या वहीत आता एररची ओळ कंसासकट उतरवून घेतो, आणि शेजारी मशीन कुठलं ते लिहितो.