चिलखताच्या आतला अफगाण

सुपरहीरोचा चित्रपट म्हटला की एक ठरलेला साचा डोळ्यांसमोर येतो. एक सामान्य माणूस, एक अपघात, अंगी आलेली अचाट शक्ती आणि शेवटी जगाचा बचाव. त्यात खलनायक अफगाण डोंगरातले दाढीवाले बंदूकधारी असतील, तर मुस्लिम प्रेक्षक आणखी सावध होऊन बसतो. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या हॉलिवूडनेच त्याला ही सवय लावली आहे. जॉन फॅव्हरो यांच्या 'आयर्न मॅन' (२००८) या चित्रपटाकडूनही कुणी वेगळी अपेक्षा केली नसती. पण हा चित्रपट त्या अपेक्षेच्या बराच पुढे जातो. तो कुठवर जातो आणि कुठे थबकतो, या दोन्ही गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

मूळ कथा १९६३ची. अमेरिकेतल्या 'टेल्स ऑफ सस्पेन्स' या चित्रकथा-मासिकाच्या ३९व्या अंकात ती आली, तेव्हा शस्त्रनिर्माता टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला होता. चित्रपटाने व्हिएतनामच्या जागी अफगाणिस्तान आणले. युद्ध बदलले की शत्रूचा पत्ता बदलायचा, एवढाच हा बदल वाटू शकतो. पण पटकथेने एक महत्त्वाची गोष्ट केली. लष्कराला आपले नवे क्षेपणास्त्र दाखवून परतताना स्टार्कच्या ताफ्यावर हल्ला होतो. त्याच्या शेजारी येऊन पडलेल्या बाँबवर नाव असते त्याच्याच कंपनीचे! क्षणात स्फोट होतो आणि त्याचे तुकडे त्याच्या छातीत घुसतात. शस्त्र विकणाऱ्याला आपला माल कुठे पोहोचतो याचा हिशेब असा स्वतःच्या रक्ताने कळतो. या एका दृश्यात लांबलचक भाषणाचे काम झाले आहे.

गुहेत त्याला जगवतो तो डॉ. यिन्सेन. गुलमिरा गावचा हा विद्वान शस्त्रक्रिया करून स्टार्कच्या छातीत विद्युतचुंबक बसवतो आणि तो मोटारीच्या बॅटरीला जोडतो. तुकडे हृदयाकडे सरकू नयेत म्हणून ही तजवीज. हे दोघे पूर्वी बर्नच्या एका परिषदेत भेटलेले असतात. यिन्सेनला ते आठवते, दारूच्या नशेत असलेल्या स्टार्कला आठवत नाही. जगाच्या दोन भागांमधले नाते इतक्या सहजपणे सांगणारा प्रसंग या प्रकारच्या चित्रपटात विरळाच. इराणमध्ये जन्मलेल्या शॉन टूब यांनी यिन्सेनला शांत विनोदबुद्धी आणि खानदानी अदब दिली आहे. तो स्टार्कपुढे दबत नाही आणि त्याची खुशामतही करत नाही. पहिले लोखंडी चिलखत त्या दोघांच्या श्रमातून तयार होते. पुढे वेळ मिळवून देण्यासाठी यिन्सेन बंदूक घेऊन धावतो आणि मरतो. कुटुंब आधीच गेलेल्या या माणसाची शेवटची विनंती एवढीच की, मिळालेले आयुष्य वाया घालवू नकोस.

गुहेचा म्होरक्या रझा साकारणारे फरान ताहिर हे 'अनारकली' हे गाजलेले उर्दू नाटक लिहिणाऱ्या इम्तियाज अली ताज यांचे नातू. 'मुगल-ए-आझम'च्या (१९६०) कथेचे मूळ याच नाटकात आहे. अशा घराण्यातल्या नटाच्या वाट्याला हॉलिवूडमध्ये अशी भूमिका यावी, यातच बरेच काही आले. पण त्यांनी रझाचा आरडाओरडा होऊ दिला नाही. ज्याच्या हाती उत्तम शस्त्र त्याचे राज्य, हे त्याचे तत्त्वज्ञान आणि स्टार्कचा धंदा यांत फरक तो काय? खरा खलनायकही गुहेत नाही, तो कंपनीच्या दिवाणखान्यात बसला आहे. जेफ ब्रिजेस यांचा ओबादाया स्टेन दोन्ही बाजूंना माल विकतो, आणि काम झाल्यावर रझाचाही काटा काढतो.

रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांच्या निवडीबद्दल शंका घेतल्या जात होत्या. व्यसन आणि तुरुंगवास त्यांच्या नावाला चिकटले होते. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा संवादही पुरते लिहून झालेले नव्हते. त्यातूनच बहुधा तो बेफिकीर, अडखळता, खरा वाटणारा स्टार्क घडला. सुटून आल्यावर पत्रकारांसमोर जमिनीवर बसून बर्गर खात तो शस्त्रनिर्मिती बंद करण्याची घोषणा करतो, तेव्हा त्याचा पश्चात्ताप नाटकी वाटत नाही.

मात्र इथून पुढे चित्रपटाची हिंमत कमी पडते. शस्त्रांचा व्यापार सोडणारा नायक स्वतःच सर्वांत अचूक शस्त्र होऊन गुलमिरावर उतरतो. बंदूकधारी गावकऱ्यांना ओलीस धरतात, तर चिलखतातला संगणक निमिषार्धात दोषी कोण, निर्दोष कोण हे ओळखतो. गोळ्या फक्त दोषींना लागतात. गावकरी बघत राहतात; यिन्सेनच्या गावातल्या कुणालाही दोन वाक्ये बोलायला मिळत नाहीत. एवढेच काय, यिन्सेन हे नावही व्हिएतनामच्या कथेतून तसेच उचललेले आहे. स्थळ बदलले, माणसाला त्या मातीतले नाव द्यायचे राहून गेले. चित्रीकरणाला अमेरिकी हवाई दलाचे सहकार्य होते, हेही विसरता येत नाही.

त्या अचूक निशाण्याचे स्वप्न प्रत्यक्षात कसे उतरले? २९ ऑगस्ट २०२१ रोजी, अमेरिकी फौजा काबूल सोडत असताना, ड्रोनच्या हल्ल्यात १० नागरिक ठार झाले. त्यांत ७ मुले होती. हा हल्ला चूक होती, असे अमेरिकी लष्कराला पुढच्याच महिन्यात मान्य करावे लागले. तिथे दोषी-निर्दोष ओळखणारे कोणतेही चिलखत नव्हते.

म्हणून 'आयर्न मॅन'चा पूर्वार्ध मोलाचा वाटतो. महासत्तेच्या नायकाचे हृदय एका अफगाण डॉक्टरच्या हातांनी चालू राहिले, हे त्याने मान्य केले. त्या डॉक्टरचे गाव स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगेल, तो चित्रपट मात्र हॉलिवूडने अजून कुणाला तरी देणे बाकी आहे.