तलावाची पाळ आणि कोळशाची रेघ

नवेगावबांधचा तलाव बांधणारा कोलू पाटील कोहळी पुढे देव झाला. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने सात टेकड्यांच्या मधल्या खोलगटात पाळ घातली, असे परंपरा सांगते. त्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि पाळ घालणाऱ्याला कोलासुर म्हणून पुजतात. बांधकाम करणाऱ्याला देवपण देणारा हा गोंदिया जिल्हा आज पर्यावरण आणि राजकारण या दोन्ही अंगांनी बदलतो आहे. धानाची शेती, कोळशावरची वीज, वाघांसाठी राखीव झालेले रान, वनहक्क मिळवणाऱ्या ग्रामसभा, हे सगळे एकाच मुलखात चालू आहे. या बदलाशी इथली कला आणि इथली वास्तुरचना कशी भिडते, हे पाहू लागले की एक गोष्ट ठळक दिसते. बदलाची साक्ष देणारी कला पूर्व विदर्भातून ताकदीने उभी राहिली आहे. बदललेल्या जागेची निगा राखणारी कला मात्र अजून हाताच्या बोटांवर मोजावी लागते.

वास्तुरचनेपासून सुरुवात करावी, कारण झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाची, थोर वास्तू म्हणजे तिचे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सात हजारांच्या आसपास माजी मालगुजारी तलाव आहेत. बोलण्यात ते ‘मामा तलाव’ झाले. यांतला एकेक तलाव सुटा नाही. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत आणि शेवटी धानाच्या बांधीत उतरते. जमिनीचा उतार, माती आणि पावसाचा अंदाज घेऊन कोहळी समाजाने ही साखळी गोंड राजांच्या काळापासून रचली. पाणी सोडायचे तुडूम कुठे बसवायचे, पाळीला वळण किती द्यायचे, हे ज्ञान नकाशावर नव्हते. ते गावाच्या वहिवाटीत होते. दर उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळ सावरायची, ही कामे तलाव बांधण्याइतकीच महत्त्वाची मानली जात.

मग राजकारण बदलले. १९५०च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी संपली. जमीनदारीचा जाच गेला, हे न्यायाचेच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांतले लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेच्या वाट्याला आले. मालकी कागदावर स्पष्ट झाली, जबाबदारी मात्र विरघळली. पाळी खचल्या, तळ गाळाने वर आले, काठावर बेशरम ही उपद्रवी वनस्पती माजली. त्यानंतर आलेल्या दुरुस्तीच्या योजनांनी तलावाकडे बहुधा साठवणुकीचा खड्डा म्हणून पाहिले. यंत्राने सरसकट खोल उकरले की पाणी वाढल्यासारखे दिसते, पण उथळ काठ नाहीसा होतो. देवधान, कमळ, शिंगाडा यांची जागा तीच, स्थानिक माशांच्या विणीची जागा तीच, आणि पाणपक्ष्यांची चरण्याची जागाही तीच. राज्यात सारस पक्षी आज मुख्यतः गोंदियाच्या धानशेतीत आणि तलावांच्या काठी उरला आहे. त्याचा संसार याच ओल्या कडेवर चालतो.

म्हणूनच अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाच्या मासेमारी संस्थांबरोबर केलेले काम वास्तुरचनेच्या चर्चेत आणायला हवे. बेशरम काढणे, योग्य जागी स्थानिक पाणवनस्पती लावणे, देशी माशांना परत आणणे, आणि यांत ढीवर बायांचे ज्ञान मध्यभागी ठेवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. अशा कामाला कला मानल्याचा दाखला आहे. जर्मन कलावंत जोसेफ बॉइसने १९८२ साली कासेल शहरात सात हजार ओक लावण्याचा प्रकल्प सुरू केला. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक दगड. त्याच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये, तो पूर्ण झाला आणि आधुनिक कलेच्या इतिहासात गेला. झाडीपट्टीतला तलाव पुन्हा जिवंत करणारी माणसे त्याच प्रतीचे काम करतात, पण त्याची नोंद ‘मत्स्यव्यवसाय’ किंवा ‘जलसंधारण’ या खान्यात होते. कलासमीक्षेने हा खाना ओलांडलेला नाही.

चित्रकलेत या मुलखाचा आवाज जगभर गेला तो प्रभाकर पाचपुते यांच्यामुळे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावात, खाणकामगारांच्या कुटुंबात १९८६ साली त्यांचा जन्म झाला. शिल्पकलेचे शिक्षण त्यांनी छत्तीसगडमधल्या खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात घेतले आणि पुढे बडोद्यात. खैरागड गोंदियापासून फार दूर नाही. डोंगरगडची गाडी धरली की राज्याची सीमा संपते आणि थोड्याच अंतरावर ते गाव लागते. मुंबईच्या क्लार्क हाउस इनिशिएटिव्हमधले २०१२चे प्रदर्शन, २०१४ मध्ये साओ पाउलो इथली द्वैवार्षिकी, आणि २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार, जो त्या वर्षी सहा कलावंतांना मिळून दिला गेला, असा त्यांचा प्रवास आहे.

पाचपुते कोळशाविषयी कोळशानेच काढतात. थेट भिंतीवर काढलेली त्यांची माणसे अर्धी माणसे आणि अर्धी अवजारे असतात. कुणाच्या मानेवर डोक्याऐवजी दिवा, कुणाच्या धडावर यंत्र. खाणीने माणसाचे काय केले ते या देहांत एका नजरेत कळते. प्रदर्शन संपले की भिंत पुसली जाते आणि चित्र धूळ होऊन खाली येते. साहित्य आणि आशय इतके एकजीव झालेले उदाहरण आजच्या भारतीय कलेत दुर्मीळ आहे. २०१८च्या कोची द्वैवार्षिकीत त्यांनी शेतकऱ्यांच्या प्रतिकाराकडे मोर्चा वळवला. त्याच वर्षी नाशिकहून मुंबईला शेतकरी आणि आदिवासी पायी चालत गेले होते.

गोंदियाला ही चित्रे परकी नाहीत. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅट औष्णिक वीज प्रकल्पासाठी ताडोब्याजवळच्या लोहारा इथल्या कोळसा खाणी मागण्यात आल्या होत्या, आणि चंद्रपूरकरांच्या तीव्र विरोधानंतर त्या खाणींचा मार्ग बंद झाला. एका जिल्ह्याची राख आणि दुसऱ्या जिल्ह्याचे रान असे जोडलेले आहे. पण खाण चित्रात आली तशी धानाची बांधी आली नाही. रोवणीत दिवसभर ओणवे राहणारे बायांचे शरीर, पऱ्हे टाकून पावसाची वाट पाहणारे गाव, संथपणे मरणारा तलाव, हे विषय दृश्यकलेत अजून त्या ताकदीने उतरलेले नाहीत. खाणीचा आघात एकदम दिसतो. तलावाचा ऱ्हास दिसायला तीस वर्षे लागतात, आणि तेवढा वेळ एका जागी थांबणारी कला वेगळ्या जातीची असावी लागते.

तशी कला शक्य आहे, याचे दाखले शेजारीच आहेत. मुंबईच्या नवजोत अल्ताफ यांनी १९९०च्या दशकापासून बस्तरमधल्या कोंडागावात तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम केले. ‘नळपार’ या उपक्रमात त्यांनी हातपंपांच्या जागा नव्याने रचल्या. पाणी भरणाऱ्या बाईची सोय, सांडपाण्याची वाट आणि शिल्प यांचा विचार एकत्र झाला. ओडिशातल्या जमिनीच्या संघर्षावर आधारलेल्या अमर कंवर यांच्या ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ या कलाकृतीत चित्रपटांच्या बरोबरीने स्थानिक धानाच्या अडीचशेहून अधिक जातींचे बियाणे मांडलेले असते. धानाच्या जिल्ह्यात ही कलाकृती आली तर शेतकरी ती चित्रपटाआधी हातात घेऊन ओळखतील. इथे साक्ष आणि निगा वेगळ्या राहत नाहीत.

घरांच्या बाबतीत चित्र जास्त चिंतेचे आहे. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी, बाजूला गुरांचा कोठा आणि धान साठवायला बांबूची ढोली, असे इथले घर होते. ते दरवर्षी लिंपावे लागे, कवेलू फिरवावे लागत. त्या कष्टांचा मोठा भाग बायांच्या माथी होता, आणि पक्के घर हवेसे वाटणे यात गैर काही नाही. प्रधानमंत्री आवास योजनेने २०१६ पासून किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार रुपयांचे अनुदान ठरवले. डोक्यावर छप्पर आले, हे मोठेच काम. पण धान कुठे ठेवायचे आणि मे महिन्यात स्लॅबखाली झोपायचे कसे, या प्रश्नांना त्या २५ चौरस मीटरांत जागा मिळाली नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती, बांबू आणि कुंभाराने घडवलेले नळीचे कवेलू वापरून सुधारित घरे बांधून दाखवली आहेत. सेवाग्रामची मातीची कुटी १९३६ पासून विदर्भातच उभी आहे. इतके दाखले जवळ असताना जिल्ह्यातल्या वास्तुविशारदांनी घरकुलाचा नमुना हा आपला विषय मानला नाही, ही या व्यवसायाची मोठी उणीव आहे.

राजकीय उलथापालथीतून जन्मलेली एक वसाहत मात्र या जिल्ह्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत वसली. थंड पठारावरची माणसे धानाच्या उष्ण मुलखात आली, शेती शिकली, आणि त्यांनी आपला गोम्पा उभा केला. प्रार्थनेच्या रंगीत पताका इथे विदर्भाच्या झाडांमधून वाऱ्यावर हलतात. देश गमावलेल्या समाजाने वास्तूच्या आधारे स्वतःला कसे सांभाळले, याचा अभ्यास करायला वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना धरमशालेपर्यंत जायची गरज नाही.

सालेकसा तालुक्यातले कचारगड हे याहून वेगळे. तिथे वास्तू म्हणजे डोंगरातली प्रचंड नैसर्गिक गुहा. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी या गुहेत कोंडलेल्या मुलांना मोकळे केले आणि कोया पुनेम या धर्माची मांडणी झाली, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. १९८०च्या दशकात मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी या स्थळाचे महत्त्व पुन्हा मांडले, आणि माघ पौर्णिमेची यात्रा मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातल्या गोंडांची झाली. आदिवासी अस्मितेचे राजकारण इथे पुतळ्याशिवाय आणि मंडपाशिवाय उभे राहिले. गर्दी वाढली की रस्ते, पायऱ्या, दिवे यांची मागणी येतेच, आणि ती रास्त आहे. पण सुविधा देताना गुहेचा अंधार आणि भोवतालचे रान हीच त्या जागेची रचना आहे, हे रचनाकाराला आधी मान्य करावे लागेल.

झाडीपट्टी रंगभूमीची गोष्ट मिश्र आहे. धान घरात आले की दिवाळीनंतर देसाईगंज-वडसा इथल्या मंडळ्या गावोगाव निघतात आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. पिकाच्या पैशावर आणि पिकाच्या वेळापत्रकावर चालणारी ही रंगभूमी आहे. तिचा निसर्गाशी संबंध तिच्या हंगामातच आहे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने नाटक ठेवायची रीत असल्याने २०१४च्या न्यायालयीन बंदीची झळ तिलाही बसली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. परशुराम खुणे यांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली आणि दंडारीपासून चालत आलेल्या या परंपरेला राष्ट्रीय मान मिळाला. व्यसन, अंधश्रद्धा, शेतकऱ्याचे कर्ज यांवर ही नाटके बोलतात. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर ग्रामसभांनी तेंदूपाने स्वतः विकायला सुरुवात केली. तो केवढा नाट्यमय विषय आहे! पण जंगल रंगमंचावर बहुधा रंगवलेल्या पडद्यापुरतेच येते. ज्या प्रेक्षकाच्या गावाशेजारी वाघ फिरतो, त्याला त्या विषयावरचे सकस नाटक मिळायला हवे.

या सगळ्या धाग्यांना एकत्र आणणारी व्यवस्था जिल्ह्यात नाही, आणि ती उभी करणे अवघडही नाही. तलावांची कामे उन्हाळ्यात होतात. खैरागडच्या आणि नागपूरच्या कला-वास्तुकला विद्यार्थ्यांना त्याच काळात सुट्टी असते. तुडूम, पाळ, काठावरच्या वनस्पती यांची चित्रांकित नोंद, दुरुस्तीच्या आराखड्यात ढीवर बायांचे म्हणणे, आणि गावातच भरणारे प्रदर्शन, असा उपक्रम जिल्हा परिषदेच्या तलावदुरुस्तीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरता येईल. पहिला प्रयोग अर्जुनी मोरगाव तालुक्यात व्हावा, कारण तलाव बांधणारे कोहळी आणि तलावावर जगणारे ढीवर, दोघेही तिथे आजही काठावर राहतात.